झुकणाऱ्या मोटरींचा रेसिंग क्वाड: घरच्या बांधणीची वाट

साधा रेसिंग क्वाड, म्हणजे शर्यतीचा चार पंख्यांचा ड्रोन, पळायला लागला की अख्खाच्या अख्खा नाक खाली घालून वाकतो. वेग वाढेल तसा हा कोन वाढतो आणि जोरात उडवणारे पायलट ५०-६० अंशांपर्यंत सहज जातात. मग फ्रेमची चपटी बाजू आणि तिच्यावरची बॅटरी, दोन्ही समोरच्या हवेला आडव्या येतात. कॅमेराही आधीच ३०-४० अंश वर वळवून बसवावा लागतो, त्यामुळे एका जागी तरंगताना पायलटच्या गॉगलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या चष्म्यात, नुसतं आभाळ दिसतं. यावरचा प्रयोग असा, की धड आडवंच ठेवायचं आणि फक्त मोटरी पुढे झुकवायच्या.

यातलं यंत्रकाम वाटतं तितकं अवघड नाही. दोन नळ्या, चार बेअरिंग आणि एक सर्व्हो (सिग्नलप्रमाणे ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) एवढ्यात ते भागतं. खरी गोम नियंत्रणात आहे. मोटरी झुकल्या की फ्लाइट कंट्रोलरला (क्वाडचा तोल सांभाळणाऱ्या बोर्डाला) ज्याची कल्पनाच नाही अशी एक गोष्ट घडते, आणि बहुतेक प्रयोग तिथे आपटतात. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल. रेस जिंकायला हा क्वाड बांधू नका. झुकणाऱ्या जोडण्यांचं वजन आणि नाजूकपणा पाहता, तेवढ्याच पैशांत बांधलेला साधा ५ इंची क्वाड याला मागे टाकेल. हा शिकण्याचा मार्ग आहे, आणि त्यासाठी तो उत्तम आहे.

सोल्डरिंग येतं, बीटाफ्लाइटशी (फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरशी) ओळख आहे आणि एखादा साधा क्वाड उडवला आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. यातलं काहीच केलं नसेल तर याच मोटरी आणि हेच इलेक्ट्रॉनिक्स आधी तयार ५ इंची फ्रेमवर लावा. महिनाभर उडवा, मग तोच संच इकडे हलवा. वाया काहीच जात नाही.

आधी मापं

रचना इंग्रजी एच अक्षरासारखी आहे. मधे लांबट धड आणि त्यातून आडव्या जाणाऱ्या दोन नळ्या, एक पुढे, एक मागे. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक मोटर. नळी धडातल्या बेअरिंगमध्ये फिरते, म्हणजे डावी-उजवी मोटर कायम एकत्रच झुकते. चारही मोटरींना वेगवेगळे सर्व्हो लावायचा मोह होतो, तो टाळा. एक सर्व्हो दगावला तरी क्वाड हवेत उलटा होतो. शिवाय नळीच्या दोन टोकांचे पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे झुकवताना त्यांच्या फिरण्यातून येणारे मुरडणारे जोर नळीतच एकमेकांना खोडतात. सुट्या बाहूंवर ही सोय मिळत नाही.

५ इंची प्रॉपचा (पंख्याचा) व्यास १२७ मिमी. डाव्या-उजव्या मोटरींच्या केंद्रांमध्ये २०० मिमी ठेवा. धड ५० मिमी रुंद असेल तर पात्याचं टोक आणि धड यांत साधारण ११ मिमी मोकळी जागा उरते, त्याहून कमी नको.

पुढच्या-मागच्या नळ्यांतलं अंतर १७० मिमी, आणि या आकड्यामागे कारण आहे. मोटरी झुकल्या की पुढच्या पंख्याने मागे फेकलेली हवा मागच्या पंख्याच्या वाटेत येऊ लागते. हवेच्या झोताच्या दिशेने पाहिलं तर दोन पंख्यांमधलं अंतर १७० गुणिले झुकावाचा कोसाइन एवढंच उरतं. ३० अंशांना ते १४७ मिमी होतं, म्हणजे पंखे अजून एकमेकांपासून सुटे. ४२ अंशांच्या आसपास ते १२७ वर येतं आणि तिथून पुढे मागचा पंखा पुढच्याची ढवळलेली हवा खायला लागतो. मागच्या मोटरी तापतात आणि शेपूट थरथरतं. म्हणून झुकाव ३० अंशांवर थांबवायचा, आणि तोही सॉफ्टवेअरवर न सोडता लोखंडी अडसराने.

तिसरं माप उभ्या तोलाचं. नव्या बांधणीत हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. मोटरी झुकल्या की त्यांच्या जोराचा एक हिस्सा नळीच्या उंचीवरून सरळ पुढे ढकलतो. क्वाडचा गुरुत्वमध्य नळीच्या वर असेल तर हा धक्का नाक वर उचलतो आणि खाली असेल तर नाक दाबतो. बॅटरी नेहमीसारखी वर बांधली तर गुरुत्वमध्य नळीच्या १२-१३ मिमी वर जातो. मग ३० अंशांना पुढच्या आणि मागच्या मोटरींच्या जोरात एकूण जोराच्या ८-९ टक्के फरक कायम ठेवावा लागतो. बॅटरी खाली लटकवली तर गुरुत्वमध्य नळीच्या साधारण ५ मिमी खाली येतो आणि हा फरक ३-४ टक्क्यांवर उतरतो. म्हणून या क्वाडवर बॅटरी खाली, कॅमेरा आणि व्हिडिओ ट्रान्समीटर वर. तयार झालेल्या क्वाडचा मध्य ताडून बघायला त्याला एका टोकाने दोऱ्याला टांगा आणि दोऱ्याची रेषा धडाच्या बाजूवर पेन्सिलने पुढे ओढा. मग दुसऱ्या टोकाने टांगून पुन्हा ओढा. दोन रेषा जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य.

काय काय लागेल

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या भागात वायर, कनेक्टर, कपॅसिटर आणि सर्व्हो हातात घेऊन, बघून मिळतात. मोटरी आणि फ्लाइट कंट्रोलर बहुतेक ऑनलाइनच घ्यावे लागतात. भारताने ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आणि त्यांचे जोडणी-संच आयात करायला बंदी घातली आहे, सुट्या भागांना ती लागू नाही. परदेशातून मागवताना संच न मागवता भागच मागवा.

फ्रेमसाठी: १२ मिमी बाहेरून आणि १० मिमी आतून अशी कार्बन नळी, २२० मिमीचे दोन तुकडे. कापडी विणीची, गुंडाळून केलेली नळी घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या नळ्यांत सगळे धागे लांबीच्या दिशेने असतात आणि क्लॅम्प आवळला की त्या बांबूसारख्या उभ्या चिरतात. ६७०१ नंबरची चार बेअरिंग (आतून १२, बाहेरून १८, जाडी ४ मिमी). २ मिमी जाडीच्या कार्बन पत्र्याच्या ५० बाय २४० मिमीच्या दोन पट्ट्या, ३० मिमीचे ॲल्युमिनियमचे स्टँडऑफ, एम३ बोल्ट. १२ मिमी नळीचे ॲल्युमिनियमचे चार मोटर क्लॅम्प. बेअरिंगची घरं थ्रीडी प्रिंट करून घ्या. पीईटीजी चालेल, नायलॉन उत्तम. पीएलए नको, मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलं तरी ते मऊ पडतं.

मोटरी २२०७ किंवा २३०६ मापाच्या, २४०० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटातले फेरे) आसपास, ४एस (चार सेलच्या) बॅटरीवर. ६एसच्या मागे लागू नका. या प्रयोगात जोर मुळातच जास्त आहे, कमी पडतो तो ताबा. ४५ अँपियरचा फोर-इन-वन ईएससी (चारही मोटरींचा वेग सांभाळणारा बोर्ड), एफ४०५ किंवा एफ७ प्रोसेसरचा फ्लाइट कंट्रोलर, ४.३ पिचचे तीन पात्यांचे ५ इंची प्रॉप आणि बदली म्हणून निदान चार जोड. १५०० एमएएचची ४एस लिपो, एक्सटी६० कनेक्टर, ३५ व्होल्टचा १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर.

झुकवण्यासाठी: धातूच्या दात्यांचा एमजी९०एस सर्व्हो. वजन १३-१४ ग्रॅम, ताकद ४.८ व्होल्टवर १.८ किलो-सेंमी. निळा, प्लास्टिक दात्यांचा एसजी९० दिसायला जुळा भाऊ असतो आणि तो पहिल्याच आपटीत दात गमावतो. एम२ बॉल लिंक चार-सहा, २ मिमीची स्टीलची आटे पाडलेली सळई, आणि सर्व्होसाठी वेगळा ५ व्होल्ट ३ अँपियरचा यूबीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा भाग).

सगळं जमून बॅटरीसह वजन ६७० ते ७२० ग्रॅममध्ये बसायला हवं. ८००च्या वर गेलं तर बहुधा क्लॅम्प जड आहेत.

नळ्या, बेअरिंग, धड

कार्बन कापताना तोंडावर मास्क लावा आणि करवतीचं पातं ओलं ठेवा. ती काळी धूळ फुप्फुसात जाते, आणि विजेची वाहक असल्याने टेबलावरच्या उघड्या सर्किट बोर्डवर पडली तर बोर्डही जातो. कापलेली टोकं पातळ सुपरग्लूने भरून घ्या म्हणजे धागे सुटत नाहीत.

बेअरिंग नळीवर सहसा घट्ट येतं. ठोकून बसवू नका. नळीचा तेवढाच भाग ४०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने गोल फिरवत घासा आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी बेअरिंग चढवून बघा. अंगठ्याच्या जोराने सरकायला लागलं की थांबा. दोन्ही बेअरिंग धडाच्या कडांजवळ, एकमेकांपासून ४० मिमीवर ठेवा. जवळजवळ ठेवलीत तर नळीचं टोक वर-खाली डुलतं. जागा पक्की करायला संथ सुकणारा इपॉक्सी काडीच्या टोकाने लावा. इथे सुपरग्लू वापरू नका, तो केशनळीसारखा आत ओढला जातो आणि बेअरिंग कायमचं जाम होतं.

बेअरिंगची घरं दोन पत्र्यांच्या मधे सँडविचसारखी बसतात. घराची उंची ३० मिमी आणि बेअरिंग त्याच्या बरोबर मधोमध, म्हणजे नळीचा अक्ष धडाच्या मध्यरेषेवर येतो. बोल्ट आवळताना प्रत्येक वेळी नळी बोटाने फिरवून बघा. एखादा बोल्ट आवळताच ती जड झाली तर घर तिरकं बसलं आहे. बोल्ट ढिला करून सोडून देऊ नका, घराचा तळ घासून सपाट करा.

मोटर क्लॅम्प नुसते आवळून भागत नाही. आपटीत ते नळीवर फिरतात आणि एक मोटर दुसरीपेक्षा तीन-चार अंश जास्त झुकलेली राहते. मग क्वाड सतत एका बाजूला नाक वळवत राहतो आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते. क्लॅम्पखाली नळी पॉलिश पेपरने खरबरीत करा, इपॉक्सीचा पातळ थर द्या, दोन्ही मोटरींवर मोठी सपाट पट्टी आडवी ठेवून एका पातळीत आणा आणि मगच आवळा. रात्रभर हात लावू नका. नळीला भोक पाडून पिन घालायचीच असेल तर अगदी बाहेरच्या टोकाला, क्लॅम्पच्याही पलीकडे. धडाजवळ भोक पाडलेली नळी तिथेच तुटते.

पाय ६५ मिमी उंच हवेत, नळीच्या अक्षापासून मोजून. खाली पत्रा आणि बॅटरी मिळून ५२ मिमी जातात, उरलेले गवतासाठी. टीपीयूचे लवचीक पाय प्रिंट करा. झुकलेल्या अवस्थेत प्रॉपची पुढची कड नळीच्या १० मिमी खाली उतरते, हेही उंच पायांमुळे आपोआप सांभाळलं जातं.

सर्व्हो आणि दुवा

सर्व्हो पुढच्या नळीच्या मागे, खालच्या पत्र्यावर. त्याच्या दांडीचं भोक केंद्रापासून ८ मिमीवर घ्या आणि नळीवरच्या कॉलरचा हात १६ मिमी ठेवा. या एकास दोन प्रमाणात सर्व्हो ७०-७५ अंश फिरतो तेव्हा नळी ३५ अंश फिरते, म्हणजे मागे ५ आणि पुढे ३०. वेग निम्मा होतो, पण ताकद दुप्पट मिळते आणि सर्व्होच्या दात्यांमधला प्लेही (सैलपणाही) नळीपर्यंत निम्माच पोचतो. इथे वेगाची गरज नाही. मागचे ५ अंश ब्रेकसाठी आहेत, ते सोडू नका.

मागच्या नळीवरही १६ मिमीचाच हात बसवा आणि पुढचा-मागचा हात १७० मिमीच्या सळईने जोडा. सळईची लांबी नळ्यांतल्या अंतराइतकीच, मिलिमीटरही कमी-जास्त नको, म्हणजे चौकोन समांतर राहतो आणि दोन्ही नळ्या कोणत्याही कोनात सारख्याच झुकतात. जुळवणी बॉल लिंक फिरवून करा.

आता प्ले तपासा. अगरबत्तीची काडी मोटरच्या कवचावर चिकटपट्टीने अशी चिकटवा की तिचं टोक नळीपासून १०० मिमीवर येईल. सर्व्होला वीज द्या आणि मोटर बोटाने हलकी पुढे-मागे ढकला. काडीचं टोक २ मिमीपेक्षा कमी हललं तर झुकावातला प्ले साधारण १ अंशाच्या आत आहे, ठीक. ५ मिमी हललं तर उडवू नका. हा प्ले हवेत थरथर बनून जायरोपर्यंत (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) जातो, कंट्रोलर ती थरथर मारायला मोटरी खेचतो, त्याने थरथर आणखी वाढते, आणि दोन मिनिटांत मोटरींना हात लावता येत नाही. बहुतेक वेळा दोषी सर्व्होच्या दांडीचा स्क्रू किंवा कॉलर असते. सर्व्होचे दाते क्वचितच.

दोन सुरक्षा हव्यात. पहिली म्हणजे अडसर: कॉलरच्या हाताला मागे ५ अंशांना आणि पुढे ३० अंशांना रोखणारा एकेक एम३ बोल्ट. दुसरी म्हणजे रबर: सर्व्होचे दाते झडले किंवा लिंक निखळली तर नळ्या मोकळ्या होतात. मोटरीच्या जोराची रेषा नळीच्या अक्षातूनच जात असल्याने त्या स्वतःहून सरळ होत नाहीत, जिथे वारा नेईल तिथे जातात. म्हणून मागच्या हाताला एक रबरबँड बांधून तो शून्य अंशांच्या दिशेने हलका ताणून ठेवा. वीज नसताना नळ्या अलगद सरळ होतील एवढाच ताण पुरे. रबर उन्हात सडतं, महिन्याला बदला.

वायरिंग

मोटरींच्या वायरी नळीच्या आतून न्यायचा मोह सोडा, त्यासाठी नळीला मधोमध भोक पाडावं लागतं. बाहेरूनच विणीच्या नळकांड्यात घालून चिकटपट्टीने बांधा आणि धडाजवळ ३०-४० मिमीचा सैल वेढा ठेवा. दोन्ही टोकांपर्यंत झुकवून बघा, वेढा ताणला जाता कामा नये आणि कार्बनच्या कडेला घासताही कामा नये. कार्बनची कड सिलिकॉन वायर करवतीसारखी कापते आणि स्वतः वाहक असल्याने शॉर्टही करते. जिथे वायर कडेवरून जाते तिथे कडेला टीपीयूची किंवा जुन्या सायकल ट्यूबची पट्टी लावा.

कपॅसिटर थेट ईएससीच्या बॅटरीच्या पॅडवर. सर्व्हो मात्र फ्लाइट कंट्रोलरच्या ५ व्होल्टवर लावायचा नाही. तो अडकला की क्षणात मोठा प्रवाह ओढतो, व्होल्टेज खाली येतं आणि त्याच रांगेतला रिसीव्हर रीस्टार्ट होतो. हवेत असताना त्याचा अर्थ काय हे सांगायला नको. यूबीईसी वेगळा लावा, त्याची फक्त ग्राउंड वायर बाकीच्यांशी जोडा. पहिल्यांदा बॅटरी लावताना स्मोक स्टॉपर (शॉर्ट असेल तर प्रवाह रोखणारा) वापरा, त्याआधी मल्टीमीटरने प्लस-मायनसमध्ये शॉर्ट नाही हे बघा.

झुकावाचा सिग्नल देण्याचे दोन मार्ग आहेत. एक फ्लाइट कंट्रोलरमधून: बीटाफ्लाइटमध्ये सर्व्होची सोय आहे, पण नव्या आवृत्त्यांत फर्मवेअर बनवतानाच ती निवडावी लागते, आणि सर्व्होची पिन मोटरींच्या टायमरवर असून चालत नाही. अनेक बोर्डांवर एलईडी पट्टीचा पॅड त्यासाठी मोकळा करता येतो. दुसरा मार्ग सोपा, आणि नवख्यांनी तोच घ्यावा: पीडब्ल्यूएम पिना (थेट सर्व्हो चालवणाऱ्या) असलेला एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ पद्धतीचा रिसीव्हर. त्याची सीरियल पिन फ्लाइट कंट्रोलरला आणि एक पीडब्ल्यूएम पिन थेट सर्व्होला. फ्लाइट कंट्रोलरला झुकावाचा पत्ताच नसतो, त्यामुळे तिथली चूक सर्व्होपर्यंत जात नाही. या पिनेचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची जागा) शून्य अंशांच्या जागी ठरवून ठेवा.

रेडिओवर झुकाव स्लायडरवर द्या. इथे एक ठरलेली ठेच लागते: एक्सप्रेसएलआरएसचा स्विच मोड हायब्रिड असेल तर हा चॅनेल सहाच पायऱ्यांनी हलतो, म्हणजे ३५ अंशांत दर पायरीला ७ अंशांचा झटका. मोड वाइड करा. एजटीएक्समध्ये (रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या मिक्सला वर जाताना आणि खाली येताना स्लो लावा, पूर्ण प्रवासाला दीड सेकंद. स्लायडर कोणाच्या धक्क्याने फटकन सरकला तरी क्वाड हळूच झुकेल.

रोल दिला की नाक का वळतं

आता ती गोम. मोटरी सरळ असताना उजवीकडे रोल दिला (त्या बाजूला कलवलं) की डाव्या मोटरी जोर वाढवतात, डावी बाजू उचलली जाते, विषय संपला. मोटरी ३० अंश पुढे झुकलेल्या असताना डाव्या मोटरींचा वाढलेला जोर अर्धा पुढेही ढकलतो, कारण ३० अंशांचा साइन ०.५ असतो. डावी बाजू वर जाते आणि पुढेही जाते, म्हणजे नाक उजवीकडे वळतं. पायलटने यॉ (नाक डावी-उजवीकडे वळवणं) मागितलेलाच नाही, म्हणून कंट्रोलर ते वळण मारायला जातो. पण क्वाडचा यॉ मुळातच दुबळा असतो, तो फक्त पंख्यांच्या प्रतिक्रियेवर चालतो. आकड्यांत बघा. मोटर मध्यरेषेपासून १०० मिमीवर आहे, म्हणून झुकावाने येणाऱ्या वळणाचा हात ५० मिमी. ५ इंची प्रॉपच्या यॉचा हात साधारण १२-१५ मिमी. चौपट ताकदीशी कुस्ती. कंट्रोलर हरतो, मोटरी एका बाजूला १०० टक्क्यांना आणि दुसऱ्या बाजूला तळाला टेकतात, आणि त्या क्षणी रोल आणि पिच (नाक वर-खाली करणं), दोन्हींवरचा ताबाही जातो. पीआयडीचे (कंट्रोलरच्या ट्यूनिंगचे) आकडे कितीही फिरवले तरी हे सुटत नाही, कारण दोष ट्यूनिंगचा नाही, भूमितीचा आहे.

१० अंशांपर्यंत हा हात १७ मिमीच राहतो आणि कंट्रोलर निभावून नेतो. त्यापुढे दोन उपाय, दोन्ही करायचे.

पहिला: फरक दोन्हीकडे वाटून घ्या. कंट्रोलरला वाटायला हवं की मोटरींची पातळी कायम १५ अंश झुकलेली आहे. मग शून्यावर असताना चूक १५ अंशांची एका दिशेने, ३० वर असताना १५ अंशांची दुसऱ्या दिशेने, आणि मधे जवळजवळ काहीच नाही. बीटाफ्लाइटच्या बोर्ड अलाइनमेंटमध्ये पिचला १५ अंश द्या. चिन्ह अधिक की उणे यावर डोकं खाजवत बसू नका, धड टेबलावर सपाट ठेवा आणि सेटअपच्या पानावरचं चित्र बघा: चित्रातलं नाक १५ अंश खाली दिसायला हवं. वर दिसलं तर चिन्ह उलटं करा. हे केल्यावर अँगल मोड (क्वाड आपोआप सपाट ठेवणारा) बाद झाला असं समजा. झुकाव शून्य असताना तो नाक १५ अंश वर उचलेल आणि क्वाड मागे पळेल. म्हणून हा बदल पहिल्या उड्डाणांनंतरच, ॲक्रोमध्ये (आपोआप सपाट न करणाऱ्या मोडमध्ये) हात बसल्यावर.

दुसरा: मागणीच कमी करा. रोलचा कमाल वेग मूळ सेटिंगमध्ये ६७० अंश प्रति सेकंद असतो. झुकावासाठी वेगळा रेट प्रोफाइल करून तो ४०० वर आणा आणि स्विचवर ठेवा. मोठं वळण घेताना रोलबरोबर त्याच दिशेला यॉही द्या, म्हणजे क्वाड स्वतःहून करतोय तेच तुम्ही मागता आणि भांडण मिटतं.

ब्लॅकबॉक्स (उड्डाणाची नोंद) चालू ठेवा. रोल देताना यॉचा जायरो मागणीपासून सुटतो आहे आणि मोटरींच्या रेषा वर-खाली टेकल्या आहेत, हे चित्र दिसलं की झुकाव ५ अंश कमी करा.

पहिली उड्डाणं

प्रॉप न लावता मोटरींचा क्रम, दिशा, फेलसेफ आणि झुकाव तपासा. मोटरी हळू फिरवत ठेवून स्लायडर दोन्ही टोकांना पाच-सहा वेळा न्या. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला तर वीजपुरवठ्यात दोष आहे.

पहिलं उड्डाण झुकाव शून्यावर बांधून: सर्व्होच्या जागी सळईला एम३ बोल्टने खिळवा. अँगल मोड, गॉगल नाही, मोकळं मैदान, कंबरेएवढी उंची. इथे नेहमीच्या क्वाडसारखं शांत तरंगायला हवं. थरथर असेल तर ती आत्ताच शोधा, सर्व्हो जोडल्यावर कारणं दुप्पट होतात. तीन-चार बॅटऱ्या अशाच संपवा.

मग सर्व्हो जोडा आणि अँगल मोडमध्येच ५, नंतर १० अंश. स्टिक मधे असूनही क्वाड पुढे निघेल, तेच अपेक्षित आहे. १० अंशांना तो सेकंदाला १.७ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेतो, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत ५ मीटर पार. थांबवायला नुसता स्लायडर मागे आणून उपयोग नाही, धड आडवंच असल्याने ब्रेक लागत नाही आणि क्वाड घरंगळत राहतो. स्लायडर उणे ५ वर न्या किंवा पिच मागे ओढा. हा सराव हाताला पुरता बसेपर्यंत पुढे जाऊ नका. घाबरलात तर डिसआर्म, म्हणजे मोटरी बंद. कंबरेच्या उंचीवरून पडून प्रॉप तुटतात, फार तर एक पाय.

१०च्या पुढे ॲक्रो आणि बोर्ड अलाइनमेंटचा बदल. ३० अंशांना उभा जोर १३ टक्के घटतो, तेवढा थ्रॉटल द्यावा लागतो. वळणात उंची जाते ती यामुळेच. कॅमेरा १० अंश वर पुरतो.

जागा निवडताना कायदाही बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं यंत्र मायक्रो गटात येतं, हा क्वाड त्यातच. बिगर-व्यावसायिक मायक्रोला रिमोट पायलटचा दाखला लागत नाही, पण बंदीची क्षेत्रं सर्वांना बंधनकारक आहेत. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून मैदान हिरव्या भागात आहे का ते बघा. पुण्यात लोहगाव विमानतळ आणि खडकवासल्याची एनडीए यांच्या आसपास उडवण्याचा विचारही नको, आणि मुंबईत पोलीस वेळोवेळी सरसकट बंदीचे आदेश काढतात. गॉगल लावून उडवताना नुसत्या डोळ्यांनी क्वाडवर नजर ठेवणारा जोडीदार शेजारी उभा हवा. व्हिडिओसाठी रेसबँड या चॅनेल-संचातले तिसरा ते सहावा चॅनेल वापरा, ते ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात बसतात. पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा त्याच्या बाहेर आहेत.

आपटल्यावर

आपटणार, हे धरूनच चला. उचलल्या उचलल्या पुन्हा आर्म करू नका. आधी बॅटरी काढा. लिपोचा कोपरा दबला किंवा ती फुगली असेल तर ती परत वापरायची नाही. नळ्या हाताने पूर्ण झुकवून बघा, कुठे कर्रकन आवाज आला तर बेअरिंगमध्ये माती गेली आहे. नळीवर नख फिरवा, चीर डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागते. सपाट पट्टी पुन्हा दोन्ही मोटरींवर ठेवा. शेवटी अगरबत्तीची काडी चिकटवून प्ले मोजा. सर्व्होचा एखादा दाता गेला असेल तर तो इथेच कळतो, काडी मधेच एका जागी टचकन उडी मारते.